गोल्डन ग्लोबसारख्या एकल शर्यतीत दिवस कसा जातो: सुकाणू, झोप, पाणी आणि बाकीचं सगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "भारतीय नाविक अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत २३६ दिवस बोटीवर एकटे होते. मग ते झोपायचे कधी? झोपेत बोट कोण चालवायचं? जेवणाचं, पाण्याचं काय? आणि इतके महिने माणूस दिवसभर करतो तरी काय? मी अजून डिंगीच्या (छोट्या शिडाच्या होडीच्या) पुढे गेलेलो नाही, पण यातलं काही घरी करून बघता येईल का?"

यातला प्रत्येक भाग वेगळा वाटतो, पण मुळात मुद्दा एकच आहे. बोट चोवीस तास चालते, माणूस चालू शकत नाही. वादळ कधी येणार हे तुमच्या हातात नसतं. ते येईल तेव्हा तुम्ही झोप झालेले, पोटात काहीतरी गरम असलेले आणि अंगावर कोरडे कपडे असलेले आहात की नाही, एवढंच हातात असतं. बोटीवरचा सगळा दिनक्रम या एका गोष्टीसाठी लावलेला असतो. शर्यतीतला वेगसुद्धा यातूनच निघतो, कारण थकलेला माणूस शीड वेळेवर बदलत नाही.

शर्यत कोणती, यावर बरंच अवलंबून आहे, ते आधी सांगतो. वांदे ग्लोब या दुसऱ्या एकल जगप्रदक्षिणा शर्यतीतल्या ६० फुटी बोटींवर इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलट, उपग्रहावरून येणारं हवामान आणि समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असतं. तिथे पहिला येणारा आता ६५ दिवसांच्या आत पोचतो, पण बोट इतकी आपटते आणि आवाज करते की झोप तुकड्यातुकड्यांतच मिळते. गोल्डन ग्लोबमध्ये ३२ ते ३६ फुटांच्या, १९८८ च्या आधीच्या आराखड्याच्या, लांब कीलच्या (बुडाखालच्या कण्याच्या) बोटी असतात. जीपीएस सीलबंद, फक्त आणीबाणीसाठी. दिशा सेक्स्टंटने (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणाऱ्या यंत्राने), सुकाणू वाऱ्यावर, पिण्याचं पाणी टाकीतलं आणि आभाळातलं. तुमचा प्रश्न या दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणून त्याच अंगाने लिहितो.

सुकाणू कोणाकडे?

विंडव्हेनकडे. बोटीच्या मागच्या टोकाला बसवलेलं हे यंत्र विजेशिवाय चालतं. वर एक हलकं पातं वाऱ्याकडे तोंड करून उभं असतं. बोट दिशेवरून ढळली की वारा त्या पात्याला एका बाजूने लागतो आणि ते कलतं. त्या कलण्याने खाली पाण्यात बुडालेलं दुसरं पातं किंचित वळतं. वळल्याबरोबर वाहत्या पाण्याचा दाब त्याला बाजूला ढकलतो, आणि त्याला बांधलेले दोर टिलर (सुकाणूचा दांडा) ओढून बोट पुन्हा जागेवर आणतात. म्हणजे वारा फक्त इशारा देतो, ताकद पाण्याची असते. म्हणूनच वेग वाढला की हे यंत्र जास्त जोरात काम करतं.

नवीन माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: "विंडव्हेन दिशा धरत नाही." बहुतेक वेळा दोष यंत्रात नसून शिडांत असतो. मेनसेल (मुख्य शीड) जास्त उघडं असेल तर बोट सतत वाऱ्याकडे नाक फिरवते आणि विंडव्हेनला अखंड झुंजावं लागतं. मी आधी टिलर हातात धरून बघतो. दोन बोटांनी बोट सरळ जात असेल तरच यंत्र जोडायचं, नाहीतर मेनसेलला एक रीफ घ्यायचा, म्हणजे त्याचा थोडा भाग गुंडाळून ते लहान करायचं. दुसरी अडचण मागून हलका वारा असताना येते. बोट वाऱ्याबरोबरच पळत असल्यामुळे वरच्या पात्याला वारा जाणवतच नाही आणि बोट नागमोडी जाऊ लागते. अशा वेळी सरळ मागून वारा घेण्याऐवजी १५-२० अंश बाजूला घ्यायचा आणि काही तासांनी दुसऱ्या बाजूला. अंतर थोडं वाढतं, पण झोप मिळते.

सुटे भाग घेताना हात आखडू नये. पाण्यातलं पातं ओंडक्यावर आपटलं तर अख्खं यंत्र उखडू नये म्हणून एक मुद्दाम कमजोर ठेवलेली नळी किंवा पिन असते. ती आधी तुटावी अशीच तिची रचना आहे. तशा किमान चार-पाच जवळ हव्यात. पात्याला सुरक्षेचा दोर हवा, नाहीतर पिन तुटली की पातं समुद्राच्या तळाशी. टॉमी यांना २०२२-२३ मध्ये विंडव्हेनच्या मोडतोडीमुळे बोटीवरच्याच सामानातून पाती घडवावी लागली होती. १९६८-६९ च्या पहिल्या शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली', जी आपल्या मुंबईत सागवानात बांधली गेली, तिचं स्वयंचलित सुकाणू ऑस्ट्रेलियाच्या आसपास निकामी झालं. पुढचा अर्ध्या जगाचा प्रवास त्यांनी मुख्यतः शिडांचा तोल साधून केला. म्हणून शिडांवर बोट सरळ चालवण्याचा सराव यंत्र शाबूत असतानाच करायचा.

झोप

वीस मिनिटांची झोप हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हा आकडा कुठून येतो ते समजलं की तो कधी पाळायचा आणि कधी सोडायचा हे ठरवता येतं.

लहान बोटीत उभं राहिल्यावर तुमचे डोळे पाण्यापासून साधारण अडीच मीटर उंच असतात. तिथून क्षितिज जेमतेम सव्वातीन सागरी मैलांवर असतं. मोठ्या जहाजाचा मास्टहेड (डोलकाठीवरचा) दिवा नियमानुसार निदान सहा मैलांवरून दिसायला हवा. जहाज २० नॉटने (तासाला २० सागरी मैल) येत आहे आणि तुम्ही समोरून ६ नॉटने जात आहात, असं धरा. दोघांमधलं सहा मैलांचं अंतर १४ मिनिटांत संपतं. दिवसा, हवा स्वच्छ असेल तर उंच जहाज १०-१२ मैलांवरून दिसतं. तेव्हा हातात २३ ते २८ मिनिटं असतात. वीस मिनिटं ही या दोन टोकांमधली तडजोड आहे. धुक्यात किंवा पावसात तीही सुरक्षित नाही.

हेही स्पष्ट सांगायला हवं, की सागरी नियमांप्रमाणे प्रत्येक नौकेवर सतत नजर ठेवणारं कोणीतरी असायलाच हवं. एकटा माणूस झोपतो तेव्हा तो हा नियम पाळत नसतो. ते मान्य करून धोका कमी करत जायचा, एवढंच उरतं.

म्हणून जागेप्रमाणे झोप बदलते. किनारा, मासेमारीचा पट्टा, जहाजांचे रस्ते: इथे १५-२० मिनिटांचे तुकडे, तेही बाहेर कॉकपिटमध्ये (बोटीतल्या बसायच्या उघड्या जागेत) किंवा दाराशी, पूर्ण कपड्यांत, हार्नेस (बोटीला बांधून ठेवणारा पट्टा) अंगावर ठेवून. शर्यतीचे पहिले तीन-चार दिवस, म्हणजे बिस्केचा उपसागर संपेपर्यंत, असेच जातात आणि सगळ्यात जास्त चुका याच दिवसांत होतात. दक्षिणेच्या महासागरात जहाजं फार कमी. तिथे एआयएसचा (जवळपासची जहाजं रेडिओ संकेतावरून दाखवणाऱ्या यंत्राचा) अलार्म लावून ९० मिनिटांची झोप घेता येते. झोपेचं एक पूर्ण चक्र साधारण नव्वद मिनिटांचं असतं. एकतर पंचवीस मिनिटांच्या आत उठायचं किंवा चक्र पुरं करायचं. चाळीस-पन्नास मिनिटांनी उठलात तर गाढ झोपेतून उठता आणि पुढची दहा मिनिटं डोकं चालत नाही. तेवढ्या वेळात डेकवर जाऊन विंचला (दोर ताणायच्या रहाटाला) हात लावणं धोक्याचं. चोवीस तासांत एकूण पाच ते सहा तास भरले पाहिजेत, आणि ते मी लॉगबुकात लिहून ठेवतो. मनाने केलेला हिशेब नेहमी जास्तीचा निघतो.

एआयएसचा अलार्म मोठ्या जहाजांसाठी चांगला आहे: जवळून जाण्याचं अंतर दोन मैल आणि वेळ तीस मिनिटं लावायची. पण लहान मच्छीमार होड्यांवर ते बहुधा नसतं, आणि जाळ्यांना तर नसतंच. गजर दोन हवेत, वेगवेगळ्या बॅटरीवरचे, आणि निदान एक असा की तो बंद करायला बंकवरून (झोपायच्या जागेवरून) उठावंच लागेल.

बंक बोटीच्या मध्याजवळचा आणि खालच्या बाजूचा घ्यायचा; बोटीची नाकाकडची केबिन लाटांत झोपायच्या कामाची नसते. कडेला कापडाचा ली-क्लॉथ घट्ट बांधायचा, म्हणजे बोट आडवी झाली तरी तुम्ही फेकले जाणार नाही. पाय नाकाच्या दिशेला, कारण बोट अचानक थांबली तर पाय आपटलेले परवडतात, डोकं नाही. पाण्याची बाटली, टॉर्च, सॅटेलाइट फोन आणि इपर्ब (संकटाचा संकेत उपग्रहाकडे पाठवणारं यंत्र) हे सगळं झोपल्या जागेवरून हात पोचेल असं ठेवायचं. २०१८ च्या शर्यतीत टॉमी यांची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात मोडली आणि पाठीला अशी दुखापत झाली की त्यांना चालता येत नव्हतं. अशा वेळी केबिनच्या पलीकडच्या कपाटात ठेवलेली वस्तू असून नसल्यासारखीच.

झोप फार साचली की माणसाला बोटीवर कोणीतरी बोलतंय असं ऐकू येऊ लागतं किंवा दोर उलटा गुंडाळला जातो. आवाज ऐकू आले तर घाबरायचं नाही. पण त्या दिवशी शर्यत बाजूला ठेवायची, शिडं कमी करायची आणि सलग दोन चक्रं झोपायचं. वीस-पंचवीस मैल जातील. डोलकाठी राहील.

दिवसाची चौकट

पूर्वेकडे जाताना एक गंमतीशीर अडचण येते. पन्नास अंश दक्षिणेला रेखांशाचा एक अंश जवळजवळ ३८.५ मैलांचा असतो. दिवसाला १५० मैल गेलात की रेखांशाचे जवळपास चार अंश ओलांडता, आणि सूर्य रोज सुमारे १५ मिनिटं लवकर माथ्यावर येतो. घड्याळ धरून चाललात तर महिन्याभरात दुपार सकाळीच होते. म्हणून एक घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), रेडिओ आणि गणितासाठी. जेवण-झोप मात्र सूर्याप्रमाणे.

सकाळी उजाडलं की डेकवर फेरी. दुपारी सूर्य माथ्यावर असताना सेक्स्टंटने उंची घेऊन अक्षांश. सकाळच्या आणि संध्याकाळच्या निरीक्षणांशी जोडून जागा. घड्याळ चार सेकंद चुकलं तर रेखांश एका मिनिटाने (अंशाच्या साठाव्या भागाने) चुकतो, विषुववृत्तावर ते एक मैल होतं. म्हणून रेडिओवरचा वेळेचा संकेत रोज ऐकायचा आणि घड्याळाची चूक लिहून ठेवायची. घड्याळ दुरुस्त करत बसायचं नाही. दर चार तासांनी लॉगबुकात दिशा, वेग, वारा आणि बॅरोमीटर. तीन तासांत तीन मिलिबार उतरले की पुढचं जेवण लगेच शिजवायचं आणि रीफ घ्यायचा. जेवण आधी, कारण नंतर स्टोव्ह पेटवता येईलच असं नाही.

सकाळच्या फेरीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण दिवसातली ही वीस मिनिटं सर्वांत मोलाची. समुद्रावर वस्तू एका झटक्यात क्वचितच तुटतात. त्या घासून तुटतात. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढणारा दोर, एकाच पुलीवर दिवसरात्र एकाच जागी वाकलेला असतो. रोज दहा-पंधरा सेंटिमीटर ढिला किंवा ताणून घेतला की घासण्याची जागा बदलते आणि तोच दोर कित्येक आठवडे जास्त टिकतो. विंडव्हेनच्या दोरांचंही तसंच. डोलकाठीच्या तारांच्या तळाशी बोट फिरवून एखादा धागा सुटलाय का बघायचं. हातमोजा घालून, कारण तुटलेली तार सुईसारखी शिरते. स्प्लिट पिन जागेवर आहेत का? मेनसेल कुठे तारेला टेकतंय? डोलकाठीचं टोक दुर्बिणीतून. बिल्जमधलं (बोटीच्या तळातलं) पाणी काढायला पंपाचे किती दांडे मारावे लागले तो आकडा लिहायचा. काल २० आणि आज ६० असेल तर बोट काहीतरी सांगते आहे. डेकवर एखादा सुटा नट किंवा पिन सापडली तर ती कुठून आली हे कळेपर्यंत दुसरं काम नाही.

पाणी आणि जेवण

पिणं आणि शिजवणं मिळून माणशी दिवसाला अडीच ते तीन लिटर. २४० दिवसांचे ६०० ते ७२० लिटर झाले, आणि इतकं वजन घेऊन ३६ फुटी बोट शर्यतीत जात नाही. म्हणून पावसाचं पाणी धरावं लागतं. मेनसेलचा बूम (शिडाखालची आडवी काठी) टोकाकडून किंचित उचलायचा, म्हणजे शिडावरून ओघळलेलं पाणी डोलकाठीकडे येतं. तिथे बादली टांगायची. पहिली पाच मिनिटं पाणी जाऊ द्यायचं, ते शिडावरचं मीठ धुतं. मग चव घेऊन बघायची आणि गोडं लागलं की भरायचं. विषुववृत्ताजवळच्या एका जोरदार सरीत दोन-तीन बादल्या सहज मिळतात. दक्षिणेला मात्र पाऊस वाऱ्यासकट येतो, शीड रीफ केलेलं असतं आणि तुषार उडत असतात. तिथलं पाणी बरेचदा मचूळ निघतं. म्हणून टाक्या उष्ण पट्ट्यातच काठोकाठ भरून घ्यायच्या. नवं पाणी आधी वेगळ्या कॅनमध्ये. मुख्य टाकीत थेट ओतलं आणि ते खारट निघालं तर सगळंच गेलं. २०१८ मध्ये मार्क सिंक्लेअर यांना कमी पडलेलं पाणी आणि बुडाला चिकटलेल्या बार्नकल्समुळे (कवचधारी समुद्री जीवांमुळे) ॲडलेडला थांबावं लागलं होतं.

भात-बटाट्यासाठी एक भाग समुद्राचं आणि दोन भाग गोडं पाणी घेतलं की मीठ वेगळं लागत नाही. आपला प्रेशर कुकर इथे उत्तम: झाकण बंद असल्यामुळे बोट कलली तरी उकळतं अन्न अंगावर सांडत नाही, आणि गॅस निम्म्याने वाचतो. शिजवताना उघड्या पायांनी उभं राहायचं नाही. ऑइलस्किनची (पाणी न शिरणारी) पँट आणि बूट घालूनच. भाजलेल्या जखमेला खाऱ्या ओलीत बरं व्हायला फार दिवस लागतात.

ताज्या भाज्या दोन-तीन आठवड्यांत संपतात. कांदे, लसूण, बटाटे हवेशीर जाळ्यात टांगले तर महिनोन्‌महिने टिकतात, दर आठवड्याला सडलेला एखादा काढून टाकायचा. न धुतलेली, फ्रिजमध्ये कधीच न ठेवलेली अंडी व्हॅसलीन चोळून ठेवली आणि आठवड्यातून दोनदा उलटली तर कित्येक आठवडे चालतात. ताज्याची उणीव मूग-मटकी भरून काढते. रात्री भिजवून ओल्या फडक्यात बांधली की उष्ण भागात दीड दिवसात मोड, थंडीत तीन दिवस. पुरचुंडी स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी ठेवली तर लवकर. सोबत क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायच्याच. डब्यांचे कागद निघण्याआधीच काढून टाकायचे आणि मार्करने झाकणावर नाव लिहायचं. भिजलेला कागद बिल्ज पंपात अडकतो. सगळं अन्न आठवड्याच्या पिशव्यांत बांधायचं. तिसाव्या आठवड्याची पिशवी अठ्ठावीसाव्यात उघडावी लागली तर हिशेब कुठे चुकला ते तेव्हाच कळतं.

उष्मांक दिवसाला २५०० ते ३५००, थंडीत वरच्या बाजूला. भूक लागत नाही म्हणून जेवण टाळणं हे झोप कमी पडल्याचं लक्षण आहे; तेव्हा घड्याळ लावून खायचं.

अंग, कपडे, बादली

आंघोळ समुद्राच्या पाण्याने, भांड्यांच्या द्रव साबणाने. नेहमीचा साबण खाऱ्या पाण्यात फेस देत नाही. शेवटी अर्धा लिटर गोड्या पाण्यात फडकं भिजवून मीठ पुसून काढायचं. हे शेवटचं काम चुकवायचं नाही. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे खारट कपडा कधी पुरता वाळत नाही आणि बसायच्या जागी पुरळ, मग फोड येतात. झिंक ऑक्साइडचं मलम, सैल सुती अंतर्वस्त्रं, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड पिशवीत बंद: तो फक्त बंकवर घालायचा, बाहेर नाही.

संडासाला बहुतेक जण बादलीच वापरतात, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काही नसतं. ती केबिनमध्ये टेकून वापरायची आणि मग बाहेर रिकामी करायची. कडेला उभं राहून, हार्नेसशिवाय, काहीही करायचं नाही. एकट्याच्या बोटीवरून पडलं तर विंडव्हेन बोट तशीच पुढे नेत राहतं. परत फिरणारं कोणी नसतं. म्हणून नाकापासून मागच्या टोकापर्यंत जॅकस्टेचा (दोर अडकवायचा) पट्टा आणि अंगावर दोन टोकांचा दोर, एक मीटरचा आणि दोन मीटरचा. केबिनमधून बाहेर पडण्याआधीच एक टोक अडकवायचं. मी बहुतेक वेळ छोटाच वापरतो, कारण दोन मीटरच्या दोरावर माणूस कठड्याबाहेर पाण्यात लोंबकळू शकतो आणि सहा नॉटच्या वेगात स्वतःला वर ओढणं जमत नाही.

शांत हवेचे दिवस सुट्टीचे नसतात. तेव्हा शिडं शिवायची, कपडे वाळवायचे, आणि बुडाला बार्नकल्स दिसले तर पाण्यात उतरून पट्टीने खरवडायचे. तापिओ लेहतिनेन यांना २०१८-१९ मध्ये याच बार्नकल्समुळे प्रदक्षिणेला ३२२ दिवस लागले. उतरण्याआधी सगळी शिडं खाली, कंबरेला दोर, शिडी आधीच लावलेली, आणि आजूबाजूला शार्क आहे का याची दहा मिनिटं पाहणी.

एकटेपणाबद्दल लोक बरंच विचारतात. माझ्या मते तो स्वभावावर अवलंबून आहे आणि बाहेरून सांगता येत नाही. ठरलेल्या वेळी रेडिओवर बोलणं, आठवड्यातून एक वेगळं जेवण, दाढी, वाचन, इतकं बहुतेकांना पुरतं. दुरुस्तीचं काम असलेल्या दिवशी एकटेपणा आठवतही नाही.

घरी सराव

करता येतो, थोडासा. शनिवार-रविवारी ३६ तास झोप फक्त तुकड्यांत घ्या: पहिले १२ तास वीस मिनिटांचे तुकडे, नंतर नव्वद मिनिटांचे. प्रत्येक वेळी उठल्यावर घड्याळ लावून तीन कामं करा: दोन आकडी गुणाकार पाच, एक बोलाइन (न आवळणाऱ्या फाशाची गाठ), आणि वहीत वेळ-तारीख. किती वेळ लागला आणि कुठे चुकलं ते लिहा. कोणत्या लांबीच्या झोपेनंतर तुमचं डोकं लवकर चालू होतं हे त्या वहीत दिसेल. ते माणसागणिक वेगळं असतं. जेवण त्या दोन दिवसांत कुकरवरचंच करा आणि पाणी मोजून दिवसाला तीन लिटर घ्या, हात धुण्याचं वेगळं. आणि रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी, सलग झोप होईपर्यंत, गाडी चालवू नका.